पडद्यामागचा कारभारी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील पालकांची माझ्याकडे रीघ लागते, आणि गेली कित्येक वर्षे त्या सर्वांच्या मुखी एकच प्रश्न असतो : ‘नीटला गुण कमी पडले, आता आणखी एक वर्ष थांबवावे काय?’ विचारणारे गृहस्थ कधी माळेगावचे असतात, कधी भवानीनगरचे, कधी वालचंदनगरच्या वसाहतीतले. उसाचे बिल नुकतेच खात्यावर जमा झालेले असते, शिकवणीवाल्यांची जाहिरात खिशात असते, आणि ज्याच्या आयुष्याचा निवाडा चाललेला असतो तो मुलगा, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असलेल्या कचेरीतल्या आरोपीसारखा, मान खाली घालून बसलेला असतो.

२०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून हा ज्वर अधिकच चढला आहे; कारण जी इमारत जाता-येता दृष्टीस पडते, तीत आपल्या मुलास प्रवेश मिळणे हा जणू आपला वतनी हक्क आहे, असे पुष्कळांस वाटू लागले आहे. तेथे जागा आहेत शंभर, आणि परीक्षेस बसणारे देशभरात वीस लाखांच्या वर. ज्या मुलाची प्रकृतीच त्या विद्येकडे वळलेली नाही, त्यास तिसऱ्यांदा त्याच परीक्षेस बसवणे याला मी महत्त्वाकांक्षा म्हणत नाही. तो हट्ट आहे, आणि तो मुलाचा नाही. संगणक अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा, बँका, पोलीसभरती हे मार्ग सर्वांस ठाऊक आहेत आणि त्यांची माहितीपत्रके चौकाचौकांत मिळतात, तेव्हा त्यांवर येथे शाई खर्च करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

मला ज्याच्याविषयी लिहावयाचे आहे, तो मुलगा निराळाच आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात तो रंगमंचावर कधी दिसत नाही. त्यास गाता येत नाही, आणि नाटकात काम कर म्हटले तर त्याची बोबडी वळते. परंतु ध्वनिक्षेपकवाल्याशी भाव ठरवणे, राजाचा मुकुट कोणाच्या घरून आणला व परत केव्हा पोचवावयाचा याचे टिपण ठेवणे, सभागृहाच्या किल्ल्या कोणत्या शिपायापाशी आहेत हे हेरून तो जेवावयास जाण्यापूर्वी त्या हस्तगत करणे, आणि प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले असताही कार्यक्रम वेळेवर आटोपणे, ही सर्व कामे तोच करतो, आणि बक्षीससमारंभात त्याचे नाव कोणी घेत नाही. त्याचे वडील मात्र माझ्यापाशी त्याचे नाव काढतात : ‘सर, पोरगं समदं वरीस गॅदरिंगमागं घालवतंय, जरा समजावा.’ मी समजावतो, परंतु वडिलांस.

या मुलाच्या अंगी जे गुण आहेत, त्यांची पुरेपूर किंमत जेथे होते असे एक काम आपल्या डोळ्यांसमोर असूनही कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते म्हणजे दौऱ्यावरील नाटकाच्या रंगमंच व्यवस्थापकाचे. आपल्याकडे नाटकाचा व्यवस्थापक म्हटला, की तारखा मिळवणारा, तिकीटविक्री पाहणारा, जमाखर्च ठेवणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, आणि त्या पदाची परंपराही थोर आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे व्यवस्थापक शंकरराव मुजुमदार मंडळीचा सारा संसार सांभाळून ‘रंगभूमी’ हे मासिकही चालवीत. पण पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत विंगेत उभा राहून प्रयोग हाकणारा माणूस तो वेगळा. लहान संस्थांत दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात पडतात, कोठे नेपथ्यवालाच ती अंगावर घेतो, आणि बाहेरच्या जगास तर असा कोणी असतो याचीच वार्ता नसते. अमेरिकेत व्यावसायिक नटांची जी संघटना आहे, तिच्यात स्टेज मॅनेजरही नटांच्या बरोबरीने सभासद असतात, एवढे सांगितले तरी पालकांस ते खोटे वाटते.

पुण्यामुंबईचे नाटक बारामतीस येते, तेव्हा प्रेक्षकांस रात्रीचे अडीच-तीन तास दिसतात. या गृहस्थाचा दिवस मात्र टेंपो गदिमा सभागृहाच्या किंवा नटराज नाट्यकला मंदिराच्या मागील दारी लागतो तेव्हा, दुपारीच, सुरू झालेला असतो. प्रथम तो रंगमंच पावलांनी मोजतो. कालच्या गावी मंच खोल होता, आजचा उथळ असेल, तर मागची भिंत दोन हात पुढे येणार. ती पुढे आली की जिना आणि सोफा यांमधली वाट अरुंद होणार. आणि नायिका त्याच वाटेने अंधारात पळत जाणार असल्याने ती येण्यापूर्वीच तिला हे सांगावे लागणार. फ्लॅट उभे राहतात, दिव्यांची जोडणी होते, विजेचा भार पेलतो की नाही याची रुजुवात होते, आणि मग विंगेतील एका मेजावर हातसामानाचा सरंजाम मांडला जातो. ते मेज एकदा जवळून पाहावे. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून चौकोन आखलेले असतात, आणि चष्मा, पिस्तूल, औषधाची बाटली, दारू म्हणून प्यावयाचा कोरा चहा, यांतील प्रत्येक वस्तू आपापल्या चौकोनातच असते. म्हणजे काळोखात हात घातला तरी तीच हाती लागावी, आणि चौकोन रिकामा दिसला तर वस्तू हरवली हे पडदा उघडण्यापूर्वीच कळावे. दुसऱ्या अंकात जे पत्र फाडले जाते, ते दर प्रयोगास नवे लागते. म्हणून शहाणा व्यवस्थापक फुरसतीच्या वेळी बसच्या खिडकीशी बसून एकाच मजकुराची वीस पत्रे लिहून ठेवतो, आणि तीही पात्राच्या हस्ताक्षरास शोभतील अशी, कारण पहिल्या रांगेतील एखाद्या चौकस प्रेक्षकाची नजर तेवढी तीक्ष्ण असते.

तिसरी घंटा झाल्यावर हुकूम त्याचा चालतो. दिग्दर्शक बहुधा दौऱ्यावर नसतो. संहितेच्या प्रतीत दिवा कोठे उतरावयाचा, संगीत कोणत्या वाक्यावर उचलावयाचे, कोणाचा प्रवेश केव्हा, याच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात, आणि त्यांबरहुकूम तो प्रकाशवाल्यास व ध्वनिवाल्यास इशारे देत जातो. प्रवेशबदलाचा अंधार काही क्षणांचा. तेवढ्यात काळ्या कपड्यांतले, अनवाणी पायांचे लोक जमिनीवरच्या रेडियमच्या खुणा पाहून सोफा बाहेर आणि खाट आत करतात, आणि कोणाचे बोट चेमटले तरी हूं की चूं होत नाही. १९६२ साली आलेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर पाच निरनिराळ्या वेषांत प्रकट होत, याचे कौतुक महाराष्ट्राने यथेच्छ केले. पण मंच फिरला त्याच बेतात दुसरा वेष चढवून नट तयार ठेवणारे हात कोणाचे होते, हे विचारणारा प्रेक्षक मला अद्याप भेटावयाचा आहे. पडदा पडल्यावर सारे उलट क्रमाने उतरते : जे उद्याच्या गावी प्रथम लागणार, ते टेंपोत सर्वांत शेवटी चढते. हा नियम ज्यास सांगावा लागत नाही, तो मुलगा या कामाचा.

शहरी नाटकाचेच कशाला, दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांतून फिरणारे तंबूचे तमाशाफड पाहा. दुपारी माळावर तंबू उभा करून, जनित्र व दिवे लावून, रात्री वग रंगवून पहाटे सारे मोडून पुढच्या गावी निघणाऱ्या त्या मंडळींजवळ कोणतीही पदविका नसते, आणि त्यांच्या बंदोबस्तापुढे आपल्याकडील कित्येक लग्नसमारंभांची व्यवस्था लाजेल.

आता पालकांचा खरा प्रश्न : पैसा. येथे मी गोड बोलणार नाही. बहुतेक ठिकाणी मोबदला दर प्रयोगामागे मिळतो, त्यास ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नाही तर नाइटही नाही. तसलमात मागितली तर निर्मात्याच्या मर्जीवर. भविष्यनिर्वाह निधी वगैरेंची हमी क्वचितच. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा प्रथम उपासमारीची पाळी आली ती याच पडद्यामागच्या लोकांवर. ज्या घरात मुलाच्या पहिल्याच पगारावर कर्जाचे हप्ते अवलंबून आहेत, त्या घराने या वाटेस लागू नये, असे मी स्पष्ट सांगतो. पण ज्या घरात तिसऱ्या वर्षाच्या शिकवणीचे लाखभर रुपये निघू शकतात, त्या घराने मला नाटकातील बेभरवशाची भीती घालू नये. शिवाय हे कसब नाटकापुरतेच नाही. संगीत महोत्सव, चित्रवाणीची चित्रीकरणे, परिषदा, संमेलने, या साऱ्यांस वेळेवर पडदा उघडणारा माणूस लागतो. बारामतीत मोहन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे नाट्यसंमेलन भरले, ते काही केवळ भाषणांवर उभे राहिले नव्हते.

काही पालक एवढे ऐकून हुरळतात आणि विचारतात, ‘मग मालिकेत केव्हा दिसेल?’ तो कधीच दिसणार नाही. त्याने दिसू नये यातच त्याचे कौशल्य आहे, आणि शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी ज्यांस मुलगा हवा आहे, त्यांनी हा विषय येथेच सोडावा.

राहता राहिले शिक्षण. पदवी घ्यावीच, ती बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात घ्या किंवा इंदापुरात, शाखेचा आग्रह नको; मात्र त्या तीन वर्षांत महाविद्यालयाच्या एकांकिकेमागे उभे राहावे, पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या किंवा राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमींत पेन्सिल घेऊन बसावे. पदवीनंतर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, आणि तयारी असेल तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय. शेवटच्या ठिकाणी पदवीबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही विचारतात, म्हणून आधीची तीन वर्षे वाया गेली असे कोणी समजू नये.

आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी : पुढचे नाटक बारामतीस येईल त्या दिवशी मुलाने दुपारीच मागील दारी जाऊन, व्यवस्थापकास नमस्कार करून, सामान उतरवू लागू का असे विचारावे, आणि टेंपो परत भरेपर्यंत घरी येऊ नये. त्या दिवशी वडिलांनी बरोबर जाऊ नये, आणि फोनही करू नये.