शेजारच्या घरचे ताट

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:४३ ते ११:१८, गलती. २:११-१४, १ करिंथ. १०:२३-३३

कर्नेल्याच्या घरून पेत्र यरुशलेमेस परतला तेव्हा तेथील बंधूंनी त्याला जाब विचारला. परराष्ट्रीयांना बाप्तिस्मा का दिला, असा तो जाब नव्हता. पेत्र सुंता न झालेल्यांच्या घरी गेला आणि त्यांच्या पंक्तीला बसला, हा त्यांचा आक्षेप होता (११:३). आपल्या मंडळ्यांतून या अध्यायांवर पुष्कळ उपदेश होतात. आकाशातून उतरलेली चादर, परराष्ट्रीयांवर झालेला पवित्र आत्म्याचा वर्षाव यांचे विवेचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जेवणाचा मुद्दा मात्र घाईने ओलांडला जातो, जणू तो त्या काळच्या यहूद्यांचा घरगुती प्रश्न होता. प्रस्तुत पाठात आपण त्या ओलांडलेल्या वचनापाशीच थांबणार आहोत.

लूकाने घटनांचा क्रम काळजीपूर्वक नोंदला आहे. यापो येथे पेत्र उतरला होता तो चामडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. मेलेल्या जनावरांना रोज हात लावणाऱ्या माणसाकडे राहणे कर्मठ यहूद्याला रुचणारे नव्हते. महाराष्ट्रातील वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे पेत्राचे सोवळे तेथेच थोडे सैल झाले होते. त्याला भूक लागली आहे, घरात स्वयंपाक चालू आहे, अशा वेळी त्याला तो दृष्टांत होतो. मग कर्नेल्याची माणसे दारात येतात आणि पेत्र त्यांना आत घेऊन त्यांचा पाहुणचार करतो (१०:२३). येथपर्यंत तो यजमानाच्या बाजूला आहे. घर ओळखीचे, भांडी ओळखीची, काय वाढायचे ते आपल्या हाती. दुसऱ्या दिवशी तो निघतो, कैसरियास पोहोचतो, आणि शेवटी ते लोक त्याला काही दिवस राहण्याची विनंती करतात (१०:४८). काही दिवस म्हणजे समारंभाचे एक जेवण नव्हे. सकाळ-संध्याकाळची जेवणे, तीही रोमी शताधिपतीच्या घरची, त्याच्या भांड्यांतली. यरुशलेमेत गवगवा झाला तो याचा. परक्यांना मुक्कामाला ठेवून घेतल्याबद्दल पेत्राला कोणी काही बोलल्याचे लूक सांगत नाही.

दिल्लीतील चार दारे

हा क्रम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला चटकन उमगावा. सरकारी बदलीवर, लष्करातून किंवा अलीकडे नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत आलेली आपली माणसे येथे एका वस्तीत राहत नाहीत. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. पण राहायचे ते ज्या मजल्यावर जागा मिळेल तेथे. आणि हे शहरच मुळी बाहेरून आलेल्यांचे. फाळणीनंतर सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. लाजपत नगर, राजेंद्र नगर यांसारख्या वसाहती त्यांतून उभ्या राहिल्या. पंजाबातून येताना या लोकांनी सामाईक तंदुराची रीत आणली. गल्लीतील बाया आपापली कणीक घेऊन येत आणि एकाच भट्टीत सर्वांच्या रोट्या भाजल्या जात. पूर्व बंगालातून विस्थापित झालेल्यांसाठी चित्तरंजन पार्क वसले, तिबेटी निर्वासितांनी मजनू का टीला येथे आपले घर केले. मयूर विहारात मल्याळी व तमिळ कुटुंबे पुष्कळ. लाजपत नगरात अफगाणी नानच्या भट्ट्या पेटल्या, तर मुनीरका व हुमायूँपूर येथे नागा, मिझो, मणिपुरी मुलेमुली दाटीवाटीने राहतात. इमारतीच्या एका मजल्यावर चार दारे असतील तर चार प्रांत, चार चुली आणि निदान तीन धर्म, हे येथे नवलाचे नाही.

नाताळात आपल्या घरून करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि केकचे तुकडे भरलेली ताटे या दारांना जातात. ही रीत आपण नगर-सोलापूरकडून बरोबर आणली आहे आणि ती चांगली आहे. प्रश्न आहे तो परत येणाऱ्या ताटाचा. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, निदान त्यात चिमूटभर साखर घालावी, असे आपल्या आज्यांनी शिकवले. उत्तरेतही तोच रिवाज आहे. म्हणून वर्षभरात ईदच्या शेवया येतात, लोहडीच्या रेवड्या येतात, ओणमचे पायसम येते, छठपूजेनंतर ठेकुआ येतो. हसतमुखाने ताट घेतले जाते. मग ते ओट्यावर तसेच राहते आणि संध्याकाळी कामवाल्या बाईच्या हाती जाते. घरातील कोणी ते चाखतही नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. हात नेहमी वरच ठेवण्याची सवय ख्रिस्ती माणसालाही लागते, आणि तिला आपण आतिथ्य हे नाव देतो.

प्रभू येशूच्या चरित्रात याच्या उलट दिसते. त्याने अरण्यात हजारोंना जेवू घातले हे खरे. पण घराच्या आत आपण त्याला पाहतो ते बहुतेक वेळा पाहुणा म्हणून. लेवीच्या घरी, शिमोन परूश्याच्या घरी, मार्थेच्या घरी तो जेवायला आहे. जक्कयाकडे तर तो स्वतःच उतरायला येतो म्हणतो. शोमरोनी स्त्रीशी झालेले संभाषण पाणी देण्यापासून सुरू होत नाही, मागण्यापासून होते. आणि यहूद्याने आपल्या हातचे पाणी मागावे याचेच तिला आश्चर्य वाटले. सत्तर जणांना पाठवताना त्याने थैली घेऊ दिली नाही आणि ज्या घरी जाल तेथे पुढे येईल ते खा, अशा अर्थाची सूचना एकदा नव्हे, दोनदा दिली (लूक १०:७-८). सुवार्ता सांगणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या अन्नाचे उपकार घ्यावेत, अशी ती व्यवस्था होती.

वास आणि भीती

कोणी म्हणेल, खाण्याचे राहू द्या, वासाचे काय? हा आक्षेप क्षुल्लक नाही. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. तीत बांबूचे कोंब, अखुनी आणि तशा उग्र वासाचे पदार्थ शेजारी गडबड न होऊ देता शिजवावेत, असा सल्ला होता. त्यावर निषेध झाला, आणि तो योग्यच होता. अखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन. नागा स्वयंपाकघरात त्याचे स्थान मोठे आहे. त्याच पदार्थाच्या नावाचा, दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीत तो शिजवण्याची धडपड दाखवणारा एक हिंदी चित्रपट २०१९ साली आला. आता आपण आपल्याच घराकडे पाहावे. सुके बोंबील तव्यावर पडले की त्याचा वास जिन्यावरून तीन मजले खाली जातो, आणि आपल्याला तो वास वाटत नाही, माहेर वाटते. हुमायूँपूरच्या त्या मुलीलाही अखुनी हे माहेरच आहे. शिवाय नागालँड व मिझोराम ही ख्रिस्ती बहुसंख्येची राज्ये आहेत. जिच्या डब्याकडे पाहून आपण नाकाला पदर लावतो, ती रविवारी प्रभुभोजनाच्या मेजाशी आपल्या शेजारी गुडघे टेकलेली असू शकते.

याहून गंभीर गोष्ट भीतीची. दिल्लीपासून काही मैलांवर दादरीजवळच्या बिसाहडा गावात २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री, घरात गोमांस असल्याच्या वदंतेवरून जमावाने मोहम्मद अखलाक यांना त्यांच्याच घरातून ओढून ठार मारले. तेव्हापासून या भागात कोणाच्या घरून कोणते पातेले कोणाकडे गेले, याचा विचार करणारे लोक आहेत. अशा काळात सभ्य माणसेही हळूच मागे सरतात. अंत्युखियात नेमके हेच झाले. कर्नेल्याच्या घरी जेवलेला, यरुशलेमेत त्याचे समर्थन केलेला तोच पेत्र, याकोबाकडून काही माणसे आल्यावर परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला. पौल त्याचे कारण सांगतो ते मतभेदाचे नाही, भयाचे आहे. आणि ते एकट्यापुरते राहिले नाही. बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. पंक्तीतून एक उठला की दुसऱ्याला बसवत नाही. पौलाने त्याला खासगीत समजावले नाही, सर्वांसमक्ष विरोध केला, यावरून तो या गोष्टीला किती महत्त्व देत होता ते कळते.

दोन मराठी साक्षी

येथे आपल्याच इतिहासातील दोन स्त्रियांची आठवण ठेवावी. लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपला प्रवास मोकळेपणाने लिहिला आहे. रेव्ह. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे पतिपत्नी पुन्हा जवळ आल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ आपले अन्नपाणी वेगळे ठेवीत. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, असे विचारांती मनाशी पटले तेव्हा त्यांनी ते सोवळे टाकले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे त्यांच्या बाबतीत पंक्ती आधी आणि मंडळी मागाहून.

पंडिता रमाबाईंचे उलट. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मांस-अंडी घेतली नाहीत ती कधीच नाहीत. ज्या भगिनी जेराल्डिन यांनी त्यांना धर्मात मायेने सांभाळले, त्यांनाही या आहारनियमात जातीचा अभिमान उरला आहे असे वाटे. रमाबाईंनी आपला आग्रह सोडला नाही. मला रमाबाईंची बाजू बरोबर वाटते. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रजी पुडिंग खाणे नव्हे, हे त्या काळी सांगायला धैर्य लागत होते. दुसऱ्याच्या पंक्तीला बसायचे याचा अर्थ त्याने वाढलेले सर्व गिळायचे असा होत नाही, आणि आपल्या पंक्तीला बसलेल्याला आपले सर्व खायला लावायचे असा तर मुळीच होत नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघींनाही सामावून घेतो.

दिल्लीतील शीख बांधवांनी हे व्यवहारात उतरवले आहे. बंगला साहिबच्या लंगरात जमिनीवर एका रांगेत बसावे लागते. परशादा, म्हणजे पोळी, घेण्यासाठी दोन्ही तळहात पुढे करावे लागतात. राजा असो वा रिक्षावाला, हात खालीच. अन्न शाकाहारी, त्यामुळे कोणत्याही धर्माच्या माणसाला तेथे संकोच पडत नाही. आपल्या प्रीतिभोजनांच्या पातेल्यांकडे पाहून हा विचार आपण कितीदा करतो?

आणि एक ख्रिस्ती घरही दिल्लीच्या इतिहासात आहे. काश्मिरी गेटजवळच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य सुशीलकुमार रुद्र १९०६ साली त्या पदावर आले. १९१५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी त्यांच्याकडे उतरले. त्याच महिन्यात हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी व्रत घेतले होते : दिवसभरात पाचच पदार्थ, आणि अंधार पडल्यावर काही नाही. यजमान आपल्यासाठी फार खटपट करतात, ती कमी व्हावी, हेही त्यामागचे एक कारण होते. अशा पाहुण्याला ठेवून घेणे ही यजमानाचीच परीक्षा. पुढे दिल्लीत आले की गांधीजी रुद्रांकडेच राहत. आपल्या वास्तव्यामुळे कॉलेजवर सरकारची वक्रदृष्टी होईल अशी त्यांना शंका येई, पण रुद्रांनी त्यांना दुसरीकडे जाऊ दिले नाही. १९२५ साली रुद्र निवर्तले तेव्हा गांधीजींनी हे कृतज्ञतेने लिहून ठेवले.

प्रसादाचा प्रश्न

आता सर्वांत अवघड भाग. ठेकुआ देताना बिहारी शेजारीण बहुधा सांगतेच की हा प्रसाद आहे; कडक व्रत पाळून, सोवळ्याने तो केलेला असतो. घ्यावा की नाही? पौलाचे उत्तर एका शब्दाचे नाही. बाजारात विकत घेताना चौकशी करू नका. कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा आणि वाढलेले खा. पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात त्याने मूर्तिपूजेतील सहभागावर कडक शब्द लिहिले आहेत. पूजेत भाग घेणे आणि शेजाऱ्याच्या घरी जेवणे या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. दिवाळीचा बराचसा फराळ, ईदच्या शेवया, पायसमची वाटी ही शेजाराची देवघेव आहे. ती मोकळ्या मनाने खावी. बकरी ईदच्या कुर्बानीतील एक वाटा नातलग व शेजारी यांच्यासाठी काढतात. तो वाटा घेण्याबाबत आपल्या बंधुभगिनींत एकमत नाही, आणि कोणी कोणाला दोष देऊ नये. प्रसाद म्हणून सांगून दिलेले अन्न ज्याच्या विवेकाला चालत नाही त्याने हात जोडून, खऱ्या शब्दांत, दारातच सांगावे. “बहनजी, प्रसाद हम नहीं लेते, पर आपके घर की चाय पीने ज़रूर आएँगे,” एवढे हिंदी आपल्याला येते. आणि मग खरोखरच चहाला जावे. हसून घ्यायचे आणि मागील दाराने टाकायचे, याला मात्र शास्त्रात कोठेही आधार सापडत नाही.

महिला मंडळात हा पाठ घेणाऱ्या भगिनींनी चर्चेसाठी दोनच गोष्टी घ्याव्यात. नाताळच्या ताटांची यादी करताना प्रत्येक नावापुढे त्या घरी काय चालत नाही ते लिहावे : अंडे, कांदा-लसूण, केकमधील रम. ठाऊक नसल्यास जाऊन विचारावे. आणि दुसऱ्या कागदावर, गेल्या वर्षभरात आपण स्वतः कोणाकोणाच्या घरी बसून जेवलो, ती नावे लिहावीत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मग चर्चेला सुरुवात करावी.