गव्हाचा ब्रेड घरी केला तर किती रुपयांना पडतो?

घरच्या ब्रेडला सामान स्वस्तात मिळते, मोठा खर्च असतो तो ओव्हनचा. म्हणून घरात ओटीजी किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर हा ब्रेड जरूर करावा. नसेल तर केवळ ब्रेडसाठी ओव्हन घ्यायची घाई करू नये. खालचे भाव हिशेबापुरते धरले आहेत. आपल्या वाण्याचे आणि वीजबिलातले आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

एका ब्रेडचा खर्च

- कणीक ४०० ग्रॅम (दळणासह ४५ रुपये किलो): १८ रुपये
- इन्स्टंट ड्राय यीस्ट ५ ग्रॅम (१०० ग्रॅमला ८० रुपये): ४ रुपये
- तेल २० ग्रॅम: ३ रुपये
- गूळ १५ ग्रॅम आणि मीठ ८ ग्रॅम: १ रुपया
- वीज, ओव्हन तापवण्यासह सुमारे १ युनिट: १० रुपये

एकूण ३६ रुपये. यात साधारण ३०० मिली पाणी जाते आणि भाजल्यावर सुमारे ६५० ग्रॅमचा ब्रेड निघतो. म्हणजे ४०० ग्रॅमला २२ रुपये पडले. दुकानातला ४०० ग्रॅमचा पुडा ५५ रुपयांना धरला, तर घरच्या एका ब्रेडमागे सुमारे ५३ रुपये वाचतात.

साधनांचे पैसे कधी सुटतात?

ब्रेडचा साचा ३५० रुपये आणि छोटा वजनकाटा ४०० रुपये धरू. ओव्हन घरात असेल तर हे ७५० रुपये पंधराव्या ब्रेडपर्यंत वसूल होतात. ६,००० रुपयांचा ओटीजी नव्याने घेतला तर मात्र १२७ ब्रेड करावे लागतील. आठवड्याला एक केला तरी जवळजवळ अडीच वर्षे लागतात. केक, नानकटाई, भाजलेल्या भाज्या यांसाठीही ओव्हन वापरणार असाल तरच ही खरेदी परवडते.

बचत कुठे होते?

- विजेचा दर धरताना सरासरी घेऊ नये. वापर वाढला की दर वरच्या टप्प्यात जातो, म्हणून आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरावा.
- ओव्हनमध्ये दोन साचे मावत असतील तर एकदम दोन ब्रेड भाजावेत. प्रत्येकामागचा विजेचा खर्च जवळपास निम्मा होतो.
- यीस्टचे मोठे पाकीट स्वस्त पडते, पण उघडल्यावर ते हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून थोडे यीस्ट टाकावे. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते वापरू नये.
- खपली गहू महाग असतो आणि त्याचे ग्लूटेन नाजूक असते. सुरुवातीला लोकवन किंवा सिहोर घ्यावा.

ब्रेड बिघडला की पैसे गेले

गव्हातला कोंडा पाणी शोषतो आणि ग्लूटेनचे धागे तोडतो, त्यामुळे ब्रेड दडस होतो. यावर उपाय फुकटचा आहे. कणीक पाण्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवावी, मग बाकीचे जिन्नस घालून दहा-बारा मिनिटे मळावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैलच हवे. पहिल्या खेपेला ४०० पैकी १०० ग्रॅम मैदा घेतला तर ब्रेड हलका होतो. पीठ दुप्पट फुगल्यावर साच्यात घालावे, पुन्हा फुगू द्यावे आणि १९० ते २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. पूर्ण गार होईपर्यंत कापू नये, नाहीतर आत चिकट राहतो.

यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते. बाहेर दोन दिवस पुरेल एवढाच ठेवून उरलेल्याचे काप फ्रीझरमध्ये टाकावेत. वाया गेलेला अर्धा ब्रेड म्हणजे १८ रुपयांचे नुकसान.

विकत घ्यायचा असेल तर

पुड्यावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव मैद्याचे असेल तर तो ब्रेड मुख्यतः मैद्याचाच, मग रंग कितीही तपकिरी असो. त्याची तुलना घरच्या गव्हाच्या ब्रेडशी करू नये. कणकेचे प्रमाण सारखे असलेले ब्रेड शेजारी ठेवावेत, दर १०० ग्रॅमचा भाव काढावा आणि मगच ठरवावे.