प्लग निघत नसेल तर जोर लावू नका

प्रश्न : माझ्या पेट्रोल कारचे स्पार्क प्लग घरीच बदलायचे आहेत. ते काढताना आतच मोडतात, असं मित्र म्हणतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : मोडतात, पण बहुधा आपल्या घाईमुळे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर आटेच सोलवटून निघू शकतात. कॉइल काढल्यावर खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल. प्लग पाव फेरा फिरून करकरायला लागला, की थांबा. बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून 15-20 मिनिटं जाऊ द्या, मग थोडा आवळत, थोडा सैल करत काढा. पाना तिरपा झाला तर चिनीमाती तडकते, म्हणून आत रबर असलेला प्लगचा पानाच वापरा.

नवा प्लग आधी बोटांनीच बसवा. 14 मिमीच्या, वॉशरवाल्या नव्या प्लगला त्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो; टॉर्क रेंच असेल तर 25 ते 30 न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस मात्र चोपडू नका. त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.