साक्ष देण्याआधी

धानोरा

चि. बेटा,


तुझं पत्र पोचलं. भावाचा मलेरिया प्रार्थनेनं बरा झाला अशी साक्ष तू मंडळीत दिलीस, आणि उपासना सुटल्यावर, मागच्या पावसाळ्यात तापानं लेकरू गेलेल्या बाईनं तुला विचारलं, "मग माझं का नाही ऐकलं त्यानं?" तुला बोलता आलं नाही, ते बरंच झालं. या प्रश्नाला घाईनं उत्तर देऊ नये.

देव आपल्या रोजच्या जगण्यात हात घालतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकरसुद्धा मागितली आहे. तेव्हा रोवणीचा पाऊस माग, मोहाचा हंगाम माग, तापातून सुटका माग. मागायला लाजू नकोस.

पण मागून झाल्यावर हातावर हात ठेवून बसू नकोस. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींसाठी देवापुढे गुडघे टेकले. आपला चांदाही तेव्हा त्याच प्रांतात होता. मग त्या स्वतः उठून तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच उभं राहिलं. प्रार्थनेनं त्यांचं काम हलकं केलं नाही, उलट वाढवलं.

भावाचंही तसंच बघ. आशाताईनं त्याच्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. व्हायवॅक्स मलेरिया निघाला. त्याचे जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून प्रायमाक्वीनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. ताप उतरला की आपल्याकडची माणसं गोळ्या फडताळात ठेवून देतात, आणि काही महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो. देवानं बरं केलं म्हणून गोळ्या सोडणं हा विश्वास नव्हे. देवानं दिलेलं औषधच आपण नाकारतो. भावाला कोर्स पुरा करायला लाव, आणि साक्षीत आशाताईचंही नाव घे.

आता त्या बाईबद्दल. "तुझा विश्वास कमी पडला" हे तिला चुकूनही म्हणू नकोस, दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नकोस. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी होते हे येशूनं साफ नाकारलं. गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं. तो टळला नाही. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. केडगावात जिच्यासाठी एवढी प्रार्थना झाली असेल, ती गेली. रमाबाईंनी ना देव सोडला, ना बायबलच्या मराठी भाषांतराचं काम. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तोवर ते चालूच होतं. यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

लेकरू का गेलं, हे मला सांगता येत नाही, तुलाही येणार नाही. म्हणून येत्या रविवारी साक्षीला उभी राहण्याआधी तिच्या घरी जा. लेकराचं नाव विचार. ती रडली तर रडू दे, वचनं सांगू नकोस. तुमच्या धाकट्या लेकराला ताप आला तर रात्रीबेरात्रीही मी दवाखान्यात सोबत येईन, असा शब्द दे आणि तो पाळ. त्यात तिला देवाचा हात दिसेल की नाही, ते त्याच्यावर सोड. तुझ्या वाटचं काम तू कर.

तुझा,
मामा