खाडीकाठी गळ टाकताना

प्रश्न : आमच्या मंडळाची चौदा-पंधरा वर्षांची मुलं डिसेंबरात दाभोळ खाडीकाठी तंबू ठोकून गळाने मासे पकडणार आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी पंचांग बघावं! कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन. भरती पूर्ण होणार साधारण तीनला, ओहोटी सुमारे सहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, पण तंबूची जागा ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी बरंच वर चढतं, म्हणून काठावरच्या सुकलेल्या कचऱ्याच्या रेषेच्या वरच मुक्काम करावा.

गळाला कोळंबीचं आमिष लावलं की बरेचदा शिंगाळा लागतो आणि हौशी मुलं तो मुठीत धरायला जातात. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक करवती, विषारी काटा असतो. मासा जाड फडक्यात धरून गरी पकडीने सोडवावी. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठीत मगरी आहेत. मासे काठावर साफ करू नयेत, अंधारात पाण्यात उतरू नये. कुठे बसायचं ते गावातल्या मच्छीमारांनाच विचारावं. होडीत मात्र प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. पोहता येतं ही सबब चालवून घेऊ नये.