पडद्यावरील हिंसेचे मोजमाप

ताप मोजण्यास तापमापक आहे; वेदना मात्र रुग्णाच्या शब्दांवरूनच जाणावी लागते. पडद्यावरील हिंसेचे मोजमाप या दुसऱ्या प्रकारात मोडते.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून दूरचित्रवाणीवरील हिंसक प्रसंगांची पद्धतशीर गणती केली. त्यांच्या व्याख्येत विनोदी हिंसाही येत असल्याने मुलांच्या कार्टूनपटांचा आकडा फार वर गेला. कार्टूनमधील हातोडा आणि खून एकाच मापाने कसे मोजावेत, असा आक्षेप निघाला. हसतखेळत दाखविलेली हिंसाही काही शिकवतेच, ही गर्बनर यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गणतीत प्रसंग येतो, त्याचा अर्थ निसटतो.

भारतात २०२३ च्या कायदेदुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन टप्पे केले. पालकांना हा आधार उपयुक्तच आहे. परंतु घरात मारहाण पाहिलेले मूल आणि न पाहिलेले मूल, वय एक असले तरी, पडद्यावरची तीच थप्पड सारखी पाहत नाहीत.

म्हणून झोप उडालेले मूल तपासताना ‘काय पाहिलेस?’ एवढ्यावरच न थांबता ‘पाहून काय वाटले?’ हेही विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे.