पन्नाचे वाघ परतले, पण ते मोजायचे कसे?

"अमुक जंगलात वाघ वाढले" अशी बातमी आपण नेहमी वाचतो. पण हा आकडा येतो कुठून? पदव्युत्तर शिक्षण घेणारे, पीएच.डी. करणारे संशोधक जंगलात जाऊन नेमकं काय करतात? मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

वाघ संपले तेव्हा

केन नदीच्या काठचं हे जंगल. १९९६ पासून डॉ. रघु चुंडावत इथल्या वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करत होते. वाघ कमी होताहेत, असा इशारा त्यांनी दिला. पण पंजाचे ठसे मोजून काढलेले सरकारी आकडे 'सारं ठीक आहे' असंच सांगत होते. शेवटी २००९ मध्ये मान्य करावं लागलं की पन्नात एकही वाघ उरलेला नाही. मुख्य कारण होतं शिकार.

इथे थांबून विचार करा. आकडा चुकला म्हणजे नुसती बेरीज चुकली असं नाही. वेळ होता तेव्हा उपाय झाला नाही, आणि वाघ गेले.

पुन्हा सुरुवात

मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हा इथून दोन वाघिणी आणल्या. त्यांची नावं टी-१ आणि टी-२. नोव्हेंबरमध्ये पेंचहून टी-३ हा नर आला. पण हा पठ्ठ्या काही दिवसांतच दक्षिणेकडे, आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालू लागला! क्षेत्र संचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली कर्मचाऱ्यांनी कित्येक दिवस त्याचा माग काढला आणि डिसेंबरमध्ये बेशुद्ध करून त्याला परत आणलं. तो टिकावा म्हणून जंगलात वाघिणीचं मूत्रही शिंपडलं. एप्रिल २०१० मध्ये टी-१ व्याली. पुढे कान्ह्यात अनाथ झालेल्या, माणसांच्या देखरेखीखाली वाढलेल्या दोन बहिणीही इथे सोडल्या. त्याही रानात रुळल्या. आज पन्नात पन्नासहून जास्त वाघ आहेत.

संशोधक काय शोधतात?

१. वाघ किती? वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात. प्रत्येक वाघाचे पट्टे म्हणजे जणू त्याचं ओळखपत्र.

आता एक सोपं काल्पनिक गणित करू. पहिल्या फेरीत १० वेगळे वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत १२ टिपले, त्यांतले ८ ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतले दोन तृतीयांश वाघ पहिल्या फेरीत आले होते. मग पहिले १० हेसुद्धा एकूण संख्येच्या दोन तृतीयांश धरू. एकूण झाले १५. प्रत्यक्ष दिसले किती? १४. म्हणजे न दिसलेल्या वाघाचाही अंदाज बांधता येतो. प्रत्यक्ष संशोधनात याहून गुंतागुंतीची सूत्रं वापरतात, पण मूळ कल्पना हीच.

२. जगतात किती? वाघीण साडेतीन महिन्यांत विते, पण पिल्लं सुमारे दोन वर्षं तिच्यासोबत राहतात. म्हणून दोन वेतांत साधारण दोन ते अडीच वर्षांचं अंतर पडतं. पाच वर्षांच्या पीएच.डी.त एका वाघिणीची जेमतेम दोन वेतं पाहायला मिळतात! म्हणूनच एक मोठी वाघीण दगावली की केवढं नुकसान होतं, ते लक्षात घ्या.

३. नाती कोणती? आजचे बरेचसे वाघ मोजक्याच पूर्वजांची संतती आहेत. विष्ठेतून डीएनए मिळवून नात्यांचा शोध घेता येतो. जवळच्या नात्यात प्रजनन होत राहिलं तर पुढच्या पिढ्या कमकुवत होऊ शकतात. त्यासाठी दुसऱ्या जंगलांकडे जाणारे मार्ग मोकळे हवेत.

म्हणजे काम संपलं का?

नाही. केन-बेतवा जोड प्रकल्पाचं दौधन धरण याच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत होत आहे आणि त्यात जंगलाचा काही भाग बुडणार आहे. बुंदेलखंडाला पाणी हवंच आहे, तिथल्या दुष्काळाची झळ खरी आहे. पण वाघांना जागाही लागते. निर्णय काहीही होवो, तो खऱ्या माहितीवर व्हायला हवा.

आपल्याकडेही २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. वाघीण सोडली त्या दिवशी फोटो छापून येतात. खरा अभ्यास मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं चालतो. तुमच्यापैकी कुणाला तो करायचा असेल तर जीवशास्त्रासोबत गणिताचीही गट्टी जमवा!

विचार करा, लिहा

- पहिल्या फेरीत ६, दुसऱ्या फेरीत ८ वाघ टिपले, त्यांतले ४ ओळखीचे. एकूण अंदाज किती?
- एकच ठसा दोनदा मोजला गेला तर काय होईल?
- पन्नात पिल्लं जन्मली, एवढ्यावरून संशोधन थांबवलं असतं तर काय कळलं नसतं?